पांढऱ्या हारातल्या गुलाबी कळ्या

कापसातली सरकी काढायची जिनिंग होळीच्या आसपास बंद व्हायची आणि तेव्हापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरातलं वरण पातळ होत जायचं. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात ते संध्याकाळी घरी आले की भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं कापसाच्या तुसानं पांढरं झालेलं असायचं. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस दारात म्हातारा होऊन उभा राहायचा आणि माय ओल्या फडक्यानं पुसून त्याला पुन्हा जवान करायची. त्यांच्या सदऱ्यावरचं तूस ती झटकत नसे. चिमटीनं वेचून एका डब्यात भरून ठेवायची. हंगाम संपला की बाबा बांधकामावर जायचे, काम मिळालं तर. नाही मिळालं तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सकाळी भाकर आणि मिरचीचा ठेचा, रात्री भाकर आणि अंबाडीची भाजी. शाळेच्या दप्तराला युरियाची पिशवी. हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. असंच होतं. त्या सहा-सात महिन्यांत आमचं घर कागदाच्या फुलांवर चालायचं.

परवा अकोल्याला कागद घ्यायला गेले होते. काम झाल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "स्टँडले सोडू काय?" आणि माझ्या तोंडून आमच्या जुन्या वस्तीचं नाव निघालं. माय जाऊन वर्ष झालं. तिकडे आता माझं कुणी नाही. आमची खोली आणि तिच्या शेजारची खोली, दोन्ही पाडून तिथे गाड्या धुवायचं दुकान झालं आहे. फेसाळ पाणी नालीत जात होतं. मी कागदाची गुंडाळी छातीशी धरून उन्हात उभी राहिले. धुणाऱ्या माणसानं विचारलं, "ताई, गाडी कुठी हाये तुमची?" मी म्हटलं, गाडी नाही. "मंग?" 

शेजारची खोली हमीदाखालाची होती. सेहरे, म्हणजे नवरदेवाच्या कपाळावरून सोडायच्या फुलांच्या माळा, करण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगी, ती बाळापूरला दिलेली. दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची, आणि त्यातली कंबरेएवढ्या उंचीवरची एक वीट निघालेली होती. त्या भोकातून दोन्ही घरांचा संसार चालायचा. मीठ, आगपेटी, वाटीभर कढी, आणि सगळ्यात जास्त वेळा खालाची कात्री. चांगली कात्री दोघींत ती एकच. "हमीदाबी, कातर द्या व जरा," की इकडून हात जायचा. "लो, और मेरी उंगली मत ले जाना," की तिकडून कात्री यायची, मुठीकडून पुढे केलेली.

मायला फुलं खालानंच शिकवली. मला दोघींनी. खळ शिजायची तेव्हा सगळी गल्ली आंबूस वासानं भरायची. त्यात मोरचुदाची चिमूट टाकली की तो वास कडू व्हायचा. झुरळांनी फुलं खाऊ नयेत म्हणून ते मोरचूद. त्याचा निळा खडा मला फार आवडायचा आणि त्याला हात लावला की माझ्या हातावर चापट बसायची. ताव घडी करून कापायचा, पाकळ्या वेगळ्या करायच्या, मग प्रत्येक पाकळी तळहातावर ठेवून अंगठ्यानं मधोमध दाबायची. याला खाला 'पेट देना' म्हणायची, माय 'पोट देनं' म्हणायची. पोट न दिलेली पाकळी कागदच राहते. पोट दिलं की तिच्यात हवा बसते आणि ती जिवंत दिसते. फुलाच्या मधोमध बाबांच्या सदऱ्यावरून वेचलेला कापूस, हळदीच्या पाण्यात बुडवून. आमच्या प्रत्येक फुलाच्या पोटात बाबांची मजुरी होती, हे मला आत्ता सुचतं. तेव्हा नुसती हळदीची पिवळी बोटं दिसायची.

चौदा एप्रिलच्या रथाची फुलं, मोहरमची फुलं, पोळ्याला बैलांच्या शिंगांचे गोंडे, आणि उन्हाळाभर लग्नं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात खरा मोगरा वरात येईपर्यंत टिकत नाही, चहापत्तीसारखा होतो. म्हणून कागदाचे हार. आमच्याकडे बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, आणि हारही पांढराच. खालाला हे काही पटायचं नाही. पांढऱ्या फुलांचा ढीग बघून ती भोकातून डोकं वाकवून म्हणायची,

"कांताबाई, दुल्हन है के नर्स है?"

"आमच्यात पांढरंच शुभ हाये, हमीदाबी. तुमचं गुलाबी तुमच्या नवरदेवाले घाला."

"अरे थोडा तो रंग डालो. एक-एक कली."

"घाम येते माणसाले. तुमचा कच्चा रंग सुटला म्हंजे?"

"तो क्या, दूल्हा भी गुलाबी हो जाएगा," असं म्हणून खाला खोकेपर्यंत हसायची. तिच्या कळ्या पुडीच्या रंगात बुडवलेल्या असत. सेहऱ्याला पाणी लागत नाही, तिथे तो रंग चालायचा. हे रोजचं भांडण होतं. त्यात राग नव्हता. त्या हसण्याचा आवाज विटेच्या भोकातून यायचा तेव्हा थोडा घुमायचा, जसा मडक्यात बोललं की येतो. तसा आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा शोभाताईचं लग्न ठरलं. शोभाताई आमच्याच गल्लीतली. माझ्या वेण्या घालायची, उवा मारायची, घड्याळ बघायला तिनंच शिकवलं. मुलगा भातकुलीचा, मास्तर. मायनं तिच्यासाठी दोन हार केले, पांढरे शुभ्र, आणि दोरीवर टांगून ती विहारात तांदूळ निवडायला गेली. दुपार होती. उन्हानं पत्रे कडकड वाजत होते. मी हारांखाली बसून वर पाहत होते. माझ्या शोभाताईचा हार, आणि त्यात एकही रंग नाही. खाला पलीकडे झोपली होती. भोकातून तिच्या गुलाबी कळ्यांचा ढीग दिसत होता, एका सेहऱ्यासाठी केलेला, हाताच्या अंतरावर.

मी हात घातला. ओंजळभर कळ्या घेतल्या. दोन पांढऱ्या फुलांमध्ये एक, दोन फुलांमध्ये एक, अशा ओवत गेले. टाके मायसारखेच बारीक घातले. कळ्यांना पोट दिलं. इतकं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि आजही, मोठमोठी कामं केल्यावरही, तो हार डोळ्यांपुढे आला की वाटतं, हात चांगला होता पोट्टीचा. मग दोन्ही हार वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवले, दोरीनं बांधले. बाबांनी ते खोकं सायकलवरून पोचवलं. माय थेट विहारातून मांडवात गेली. तिनं तो हार पाहिला तो शोभाताईच्या गळ्यातच.

मांडवात भाड्यानं आणलेला मोठा कूलर होता. नवरीला ऊन लागू नये म्हणून बायांनी तो मायेनं ढकलत ढकलत तिच्या अगदी जवळ नेला होता, आणि तो हवेबरोबर पाणीही फेकत होता. वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले, अक्षतांऐवजी फुलं पडली. मी बांबूमागे बुंदीचा द्रोण घेऊन उभी होते. मायनं हाराकडे पाहिलं आणि तिचे ओठ जरासे उघडे राहिले. मला वाटलं, तिला आवडला.

मग शोभाताईच्या खांद्यावरून एक गुलाबी ओघळ खाली आला. मग दुसरा. पांढऱ्या साडीवर ते पसरत पसरत छातीवर आले.

"वं माय! पोरीले रगत आलं काय?" नवरदेवाची आत्या किंचाळली. बाया उठल्या. मागची पोरं खुर्च्यांवर चढली. शोभाताईनं मान खाली करून स्वतःकडे पाहिलं आणि हार काढू की नको, अशी तिची बोटं हवेतच राहिली.

"कोनं केले हे हार?"

माय उठली. "म्या केले."

"डोये फुटले होते काय तुये? नवरीले असे डाग लावते काय कोनी?"

माय पुढे जाऊन पदरानं पुसू लागली. जितकं पुसलं तितकं ते पसरलं. शेवटी शोभाताईच तिचा हात धरून म्हणाली, "राहू द्या, काकू." तिच्या लग्नाच्या फोटोंमध्ये तो डाग आहे. मी ते फोटो पाहिलेले नाहीत, पण आहे.

संध्याकाळी माय तो ओला हार घेऊन खालाच्या दारात गेली. मी मागे. खाला नुकतीच नमाज आटोपून उठत होती.

"हमीदाबी, ह्या कळ्या तुमच्या हायेत."

खालानं हार हातात घेतला. उलटून पाहिला. टाके पाहिले. मग तिची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली, तिथून भिंतीच्या भोकाकडे, आणि तिथून मायच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. सुरमा घातलेले डोळे. त्यांत राग नव्हता. वाट पाहणं होतं. किती वेळ? चूल फुंकून पेटायला लागतो तेवढा असेल. तेवढ्यात मी बोलू शकत होते. अकरा वर्षांच्या पोरीला दोन शब्द येत होते. माझ्या दातांत बुंदीचा दाणा अडकला होता आणि मी जिभेनं तो काढत होते.

"हौ बाई," खाला म्हणाली, "मेरीच हैं. मैंनेच डालीं. सोचा, दुल्हन को अच्छी लगेंगी."

"मस्करी-मस्करीत माह्या पोटावर पाय देला तुमी."

"गलती हो गई."

"मले पुसाचं तरी, हमीदाबी. एक डाव पुसाचं."

खाला गप्प राहिली. मी गप्प राहिले. माय वळली.

भिंतीतलं भोक दुसऱ्या दिवशी बुजलेलं होतं. आमच्या बाजूनं चिंध्या होत्या. तिच्या बाजूनं काय होतं मला माहीत नाही. त्यातून आवाज मात्र यायचा. दुपारभर कच-कच कात्री चालायची आणि माय इकडे पाठ करून ज्वारी पाखडायची. ज्वारी निवडून झालेली असली तरी पाखडायची. खालाला कुणाचं हसणं ऐकू आलं की ती आतून म्हणायची, "कौन है?" पूर्वी ती विचारत नसे, भोकातून बघायची.

हारांचं काम गेलं. लग्नघरचे लोक गावोगावचे असतात, गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. चौदा एप्रिलच्या रथालाही नंतर कुणी बोलावलं नाही. मायनं दोन घरची भांडी धरली, मग चार, मग एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या. तिच्या बोटांवरची हळद गेली, राख आली. त्या पैशातून मी शिकले. मायनं धुणीभांडी करून मला शिकवलं हे सांगताना माझी मान वरच असते. पण ती फुलं करून शिकवू शकली असती, हे सांगायची वेळ आली की मी विषय बदलते. बदलत होते.

मी नववीत असताना खालाला तिची मुलगी बाळापूरला घेऊन गेली. मी शाळेतून येत होते तर दारात रिक्षा. खालानं माझी हनुवटी धरली. तिच्या हाताला खळीचा वास होता, तोच कडू. "पढ़ बेटी," एवढंच म्हणाली. मायच्या दाराकडे तिनं एकदा पाहिलं. दार लोटलेलं होतं. माय आत होती. रिक्षा गेल्यावर माय बाहेर आली आणि तिनं खालाच्या उंबऱ्यासमोरचा तुकडाही आपल्या अंगणाबरोबर झाडून टाकला.

अमरावतीला बी.ए.ला आले ती कागद सोडून द्यायचा असं ठरवूनच. आमच्या घराण्यात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाला मंचाची फुलं आली नाहीत. मुली रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, ताव आणा. दोन तासांनी सगळ्याजणी माझ्याभोवती उभ्या होत्या. "कुठं शिकली व?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "अशीच." हे माझं दुसरं गप्प राहणं.

चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी ते पाहिलं आणि मला आपल्या घरी बोलावलं. तारेचा सांगाडा कसा करायचा, कागदाचा लगदा कसा, थरावर थर कसा, ते त्यांच्याकडे शिकले. पदवी झाली, ग्रंथालयात नोकरी लागली, बाबा गेले, नोकरी सोडली. फुलं वाढत गेली. आधी हाताएवढी, मग माणसाएवढी, मग दारातून बाहेर न निघणारी. सगळी पांढरी. पांढरी धोतऱ्याची, पांढरी रुईची, पळसही पांढरा. लोक विचारायचे, रंग का नाही? मी म्हणायची, आमचा कापसाचा मुलूख, पांढरा आमचा रंग. एका वर्तमानपत्रानं त्यावर छान काहीतरी लिहिलं. ते सगळं खोटं होतं. मला गुलाबीची भीती वाटत होती.

माय अमरावतीला यायची, फुलांना वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. एकदा मी तिच्यापुढे एक कोरा ताव आणि कात्री ठेवून पाहिली. तिनं कात्री बाजूला सारली आणि तावावर तुरीच्या शेंगा ओतल्या.

मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात ती अशीच शेंगा सोलत बसली होती. सकाळचं ऊन होतं. मी पाकळ्यांना पोट देत होते. म्हटलं,

"माय, शोभाताईच्या हारात कळ्या म्या टाकल्या होत्या. खालानं नाई."

तिची बोटं थांबली नाहीत. शेंग फोडली, दाणे पाडले, दुसरी घेतली.

"खालाले सांगतलं होतं तू?"

"तिले माईत होतं. तिनं टाके पाह्यले होते."

"माफी मांगतली होती काय?"

"नाई."

"आता हाये काय हमीदाबी?"

"नाई, माय. चार-पाच वर्सं झाले."

मायनं उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग टरफलं ओच्यात गोळा करत उठली.

"मंग मले काहून सांगून राहिली?"

रडली नाही, ओरडली नाही. खरंच विचारत होती.  

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एस.टी.नं गेली. अकोल्याला गेली असं मी समजले. दोन दिवसांनी खालाच्या मुलीचा, शकीलाआपाचा, फोन आला. नंबर तिनं मायकडूनच घेतला होता.

"तुम्हारी अम्मा आई थीं," ती म्हणाली. "पता पूछते-पूछते. चाय पी. अम्मा जिधर बैठती थीं उधर बैठीं. मैंने बोला, खाना खा के जाओ, नहीं बोलीं. जाते वक्त बोलीं, कांता येऊन गेली म्हणून सांगजो." मग शकीलाआपा थोडी थांबली. "मैं किसको बोलूँ, बहन? अब तुमको बोल रई हूँ."

मायनं मला बाळापूरबद्दल कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षभरात ती पूर्वीसारखीच बोलायची: जेवली काय, चष्मा कुठी ठेवला, इतक्या उन्हात कायले फिरून राहिली. शेवटच्या दिवसांत ती चादरीवर अंगठ्यानं काहीतरी दाबत असायची. नर्स म्हणाली, अशक्तपणा आहे.

तो फोन आला त्याच आठवड्यात मी कापसाचं झाड करायला घेतलं होतं. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ज्याच्या घरात कापूस आहे त्याला हे सांगावं लागत नाही. त्याला गुलाबी रंग टाळता येत नाही. मी अमरावतीच्या बाजारातून पुडीचा रंग आणला, तोच, कच्चा, आणि बोटं बुडवली. आठवडाभर जेवताना भात गुलाबी होत होता. माय तेव्हा होती. तिला झाडाचा फोटो पाठवला. शेजारच्या पोरीनं तो तिला मोबाईलवर दाखवला म्हणे. काय म्हणाली, विचारलं. पोरगी म्हणाली, "काहीच नाई. मोठा करून दाखव म्हने. लय वेळ पाहून राहिली."

गाड्या धुणाऱ्यानं पाइप बंद केला तेव्हा मी भानावर आले. माझी चप्पल भिजली होती. दोन्ही खोल्यांची जागा मिळून केवढीशी, दोन मोटारी जेमतेम मावतील. यात सात-आठ वर्षं चार जणांचं हसणं, भांडणं, खळीचा वास, एवढं सगळं बसत होतं. कुठे काय होतं ते मी पायांनी मोजून पाहू लागले, चूल, खाट, भिंत, आणि भिंतीपाशी येऊन थांबले. तो माणूस पुन्हा म्हणाला, "ताई, काही हरवलं काय?" मी म्हटलं, "हो, पन तुमाले नाई भेटनार." तो हसला. मला वाटतं त्याला ती मस्करी वाटली.

कापसाचं ते झाड आता एका मोठ्या संग्रहालयात उभं आहे, छताला टेकेल एवढं. मी कागदाची फुलं करते आणि त्यावर जगते, दुसरं काही करत नाही. झाडाखालची पाटी मी स्वतः लिहून दिली, तीन नावांची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. फुलं करणारी तिसरी.